एका वेळी दिसलेले

कोपरीत, आमच्या बिल्डिंगच्या मागे,
जिथे बोअरची मोटर, मोडकी घसरगुंडी
आणि कुणीही न लावलेला एक उंबर आहे,
तिथे फेब्रुवारीतल्या रविवारी, सात वाजून दहा मिनिटांनी
आम्ही चौघं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो.
दुसऱ्या मजल्यावरची इरावती, नववीतली,
गळ्यात मामाची दुर्बीण, मांडीवर तक्ता:
"पंधरा मिनिटं. बोलायचं हळू.
एका वेळी जास्तीत जास्त दिसतील, तेवढेच लिहायचे.
तोच दयाळ चारदा आला
तरी दयाळ एक."

मला हसू आलं.
एकोणतीस वर्षं मी जकात नाक्यावर मोजत होतो.
ताडपत्रीखाली काय आहे
ते टायर किती बसलेत यावरून सांगायचो.
गाड्या चार जायच्या, पावत्या तीन फाटायच्या.
चौथीचं काय व्हायचं
ते चहावाल्या पोराला सुद्धा ठाऊक होतं.
पुढे नाका उठला, टपरी उठली,
हिशेब कुणी मागितला नाही.

कावळे नऊ.
पारवे टाकीवर सव्वीस,
एक उडाला की सगळे उडतात,
पुन्हा पहिल्यापासून.
साळुंक्या दोन, कशावरून तरी भांडत.
शेवग्याच्या फुलात शिंजीर, अंगठ्याएवढा,
साचलेल्या पाण्यावर पेट्रोल सांडल्यावर येतो
तसल्या रंगाचा. नर.
मादी असणारच कुठेतरी.
दिसली नाही, म्हणून लिहिली नाही.

चेंदणीच्या भानूबाई नाखवा
दारावर मासळी घेऊन आल्या त्या थांबल्याच,
पाटी घसरगुंडीवर टेकवून.
नाल्याच्या कडेला बोट केलं: "यो त ढोक!"
मला नुसता चिखल दिसत होता.
मग चिखलातला एक तुकडा उठला
आणि उडताना पांढराशुभ्र झाला.
इरावतीनं तक्त्यात शोधलं.
"पुस्तकी नाव वंचक," म्हणाली.
"म्हणजे फसवणारा ना, काका?"
मी खुर्ची थोडी मागे घेतली.
ऊन आलं होतं तिथे.

सेक्रेटरी टिपणीस तेवढ्यात घड्याळ बघून कुजबुजले,
"शेजारच्यांनी बावीस जाती दिल्यात.
आपल्या चौदाच. हळद्या टाका एक.
काल उंबरावर होताच की!"
होता. मीही ऐकला होता,
बाल्कनीत दाढी करताना, गळ्यात पाणी धरून बोलावं तसा.
इरावतीनं पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं.
का माझ्याकडे, कोण जाणे.
पांढऱ्या केसांमुळे असेल.
खिशात हात गेला. जुनी सवय.
खिशात काही नव्हतं, चष्म्याचं फडकं होतं.
"काल होता," मी म्हणालो. "आजच्या तारखेला नाही."

चिमणीपुढची जागा रिकामीच.
चिमण्या मार्केटात आहेत, भानूबाई सांगत होत्या,
तांदळाच्या दुकानात, चांगल्या ढीगभर.
असतील. ती आपली हद्द नव्हे.

उंबरात तांबट ठोकत होता, टुक टुक टुक,
टेबलावर शिक्का मारावा तसा,
न थकता, एकाच जागी.
दिसला नाही, पण ओळखून ऐकलेला चालतो,
म्हणून तो धरला. पंधरा.

खाली मोजणाऱ्यांची नावं लिहायची होती.
नाक्यावर माझी सही म्हणजे एक ओढलेली रेघ,
शेवटी थोडी वर गेलेली.
इथे सावकाश लिहिलं,
यशवंत भार्गव कर्णिक,
काना-मात्रा-रफारासकट.

सात पंचवीस. इरावतीनं तक्ता मिटला,
टिपणीस वर गेले, भानूबाई पाटी उचलायला वाकल्या.
तेव्हा मोटरच्या मागून
एक भारद्वाज चालत आला,
विटकरी पंख, लाल डोळा, कसलीच घाई नाही.
इरावती तक्ता उघडणार होती.
मी मान हलवली.
वेळ संपली होती.

आमच्या समोरून, सगळ्यांच्या देखत,
कुणाला काही न देता
तो कुंपणापलीकडे गेला.
आम्ही जाऊ दिला.